चित्रातले विद्वान इतके गप्प का?

एकोणिसाव्या शतकात फ्रान्स, ब्रिटन, ऑस्ट्रिया अशा देशांतील चित्रकारांनी इजिप्त, तुर्कस्तान, सीरिया आणि उत्तर आफ्रिका येथील जीवनाची हजारो चित्रे रंगवली. या प्रकाराला प्राच्यवादी चित्रकला म्हणतात. तिचा विषय निघाला की बहुतेकांना जनानखाने, हमाम आणि गुलामांचे बाजार आठवतात. मात्र याच चित्रकारांनी एक शांत आणि वरकरणी अगदी आदराचा विषयही पुन्हा पुन्हा हाताळला, तो म्हणजे विद्वानाचे जीवन. ग्रंथावर झुकलेला वृद्ध, मशिदीतील खांबाशी बसलेला शेख, रस्त्याच्या कडेला बोरू आणि दौत घेऊन बसलेला लेखनिक, डोलत डोलत कुराण पाठ करणारी मुले ही त्यातली नेहमीची पात्रे. या चित्रांतील वस्तू इतक्या अचूक असतात की त्यांतील जीवनही तितकेच अचूक असणार, असे पाहणारा नकळत धरून चालतो, आणि फसगत होते ती तिथेच.

आधी ही चित्रे तयार कशी होत ते पाहू. लुडविग ड्यूच हा या विषयातला सर्वांत निष्णात चित्रकार. त्याचा जन्म १८५५ मध्ये व्हिएन्नात झाला, शिक्षणही तिथल्याच कला अकादमीत झाले आणि १८७८ च्या सुमारास तो पॅरिसमध्ये स्थायिक झाला. त्याचा मित्र रुडॉल्फ अर्न्स्ट हाही व्हिएन्नाचाच, आणि तोही पॅरिसला येऊन याच वाटेने गेला. ड्यूच इजिप्तला मोजक्याच वेळा गेला आणि चित्रे रंगवली ती पॅरिसमधील आपल्या कार्यशाळेत. प्रवासात त्याने फरशा, दिवे, पितळेची भांडी, शिंपल्यांच्या जडावाची मेजे आणि रेशमी अंगरखे विकत घेतले. कैरोतील लेकेजियान नावाच्या छायाचित्रकाराकडून त्याने छायाचित्रे घेतल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पॅरिसमध्ये पगारी माणसाला अंगरखा चढवायचा, मेज मांडायचे, भिंतीसाठी छायाचित्र समोर ठेवायचे आणि गुळगुळीत लाकडी फळीवर बारीक कुंचल्याने महिनोन्‌महिने काम करायचे, अशी ही पद्धत होती. त्यामुळे एकाच नाटक कंपनीचे सामान वेगवेगळ्या खेळांत दिसावे तसे तेच मेज, तोच दिवा, तोच गालिचा या चित्रांमधून फिरताना दिसतो.

या पद्धतीमागे पॅरिसच्या कलाशिक्षणाची शिस्त होती. तिथे विद्यार्थ्याला आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून आणि मग जिवंत माणसावरून वर्षानुवर्षे रेखाटन करावे लागे, आणि पृष्ठभागावर कुंचल्याची खूण राहू न देणे हे कौशल्याचे लक्षण मानले जाई. कुंचल्याची खूण दिसत नसली की चित्र कोणी रचले आहे हेच पाहणारा विसरतो आणि खिडकीतून बाहेर पाहत असल्यासारखा त्यावर विश्वास ठेवतो. जाँ-लेओं जेरोम हा या परंपरेचा मोठा आचार्य. त्याच्या १८७९ च्या सुमाराच्या ‘गारुडी’ या चित्रातील निळ्या फरशांची भिंत इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील आहे, जमीन मात्र कैरोतील एका मशिदीवरून घेतलेली आहे, आणि या दोहोंच्या मध्ये जो खेळ चालला आहे तो या दोन्ही ठिकाणी कधी झाला असण्याची शक्यता जवळजवळ नाही. भिंतीच्या वरच्या पट्टीवरची अक्षरे ओळखू येतात. धर्मात जबरदस्ती नाही, असे सांगणारे कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील २५६ वे वचन तिथे आहे. त्या भिंतीला टेकून बसलेल्यांपैकी कोणाचीही नजर त्या अक्षरांकडे नाही. ती सारी माणसे सापाकडे आणि तो अंगावर धरून उभ्या असलेल्या मुलाकडे पाहत आहेत. लिखित मजकूर म्हणजे भिंतीची शोभा, अशीच या चित्रपरंपरेची एकंदर वृत्ती आहे, आणि विद्वानांच्या चित्रांतही ती पुरेपूर उतरली आहे.

ड्यूचच्या अशा चित्रांसमोर थोडा वेळ थांबले की हे जाणवू लागते. प्रकाश लाकडी जाळीच्या गवाक्षातून तिरपा येतो, रेशमाची प्रत्येक घडी वेगळी दिसते, म्हाताऱ्या हातांवरच्या शिरा मोजता येतात. समोर हस्तलिखित उघडे असते, पण वाचणारा कोणत्या विषयाचे वाचतो आहे याचा माग लागत नाही. दोघे-तिघे एका ग्रंथाभोवती बसलेले असले तरी कोणी हरकत घेत आहे, कोणी कोणाला अडवत आहे, असे क्वचितच दिसते. ग्रंथ छापील नसतो. खोलीत वर्तमानपत्र, घड्याळ, आगपेटी यांतले सहसा काही नसते. चित्र कोणत्या सालचे आहे हे कोपऱ्यातल्या सहीवरून कळते, प्रसंगावरून कळत नाही.

ज्या कैरोची ही चित्रे म्हणून सांगितली जातात तिथले विद्याजीवन त्या काळी कसे होते? कैरोचे विद्याकेंद्र म्हणजे दहाव्या शतकात स्थापन झालेली अल-अझहर मशीद. तिथे वर्ग भरत ते खांबांपाशी. एकेक शेख आपल्या ठरलेल्या खांबाशी बसे आणि विद्यार्थी त्याच्याभोवती कडे करून बसत. कोणाकडे शिकायचे हे पुष्कळ अंशी विद्यार्थ्यानेच ठरवायचे असल्यामुळे नावाजलेल्या शेखाभोवती गर्दी होई आणि कंटाळवाण्याचे कडे विरळ होत जाई. सीरियाचे, मगरिबचे म्हणजे वायव्य आफ्रिकेचे, तुर्की, वरच्या म्हणजे दक्षिण इजिप्तचे अशा प्रांतवार विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या ओवऱ्या होत्या. तिथे राहण्याची सोय असे आणि दानधर्मातून भाकरीचा शिधा मिळे. त्या शिध्यावरून भांडणेही होत.

शिकवण्याची रीत आपल्याकडच्या शास्त्रपाठशाळा माहीत असलेल्या वाचकाला परकी वाटणार नाही. मधोमध एखादा त्रोटक मूळ ग्रंथ, त्यावर भाष्य आणि भाष्यावर टीपा, अशी थरावर थर रचना असे. शेख एक वाक्य वाची, त्यातील व्याकरण उलगडे, मग अमुक टीकाकाराने येथे काय आक्षेप घेतला आणि तमुकाने तो कसा परतवला हे सांगे, आणि विद्यार्थी त्यावर प्रतिप्रश्न करत. धर्मशास्त्र, अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, अलंकारशास्त्र या साऱ्याचा अभ्यास मोठ्याने, अनेक आवाजांच्या गलबल्यात चाले. एका खांबाशी तर्कशास्त्र, दुसऱ्याशी वारसाहक्काचा हिशेब, तिसऱ्याशी पाठांतर, असा तो सारा मामला होता. शेवटी एखादा ग्रंथ शिकवण्याची परवानगी गुरू शिष्याला देई, आणि त्या परवानगीत गुरूच्या गुरूंची नावे मागे मागे जात. विद्येची प्रतिष्ठा या साखळीत आणि वादात टिकून राहण्यात होती. एकट्याने खिडकीशी बसून पान न्याहाळणे हा त्या जीवनाचा फार लहान भाग होता.

शिवाय हे जग थिजलेले नव्हते. कैरोजवळ बुलाक येथे सरकारी छापखाना १८२० च्या दशकाच्या आरंभीच सुरू झाला होता आणि ड्यूच तिथे पोहोचला तोवर अरबी ग्रंथ दोन पिढ्या छापून निघत होते. अल-अझहरचे रिफाआ अल-तहतावी १८२६ मध्ये विद्यार्थ्यांच्या तुकडीबरोबर पॅरिसला गेले, पाच वर्षे राहिले, फ्रेंच शिकले आणि पॅरिसच्या समाजाचे वर्णन करणारे पुस्तक लिहून ते बुलाकमध्येच छापून आणले. फ्रेंच चित्रकार कैरोचे निरीक्षण करत होते त्याच शतकात कैरोचा एक शेख पॅरिसचे निरीक्षण करून मोकळा झाला होता. १८७२ मध्ये अल-अझहरमध्ये विद्वानपदासाठी परीक्षेचा नियम आला. १८८२ मध्ये ब्रिटिशांनी इजिप्त व्यापला, आणि त्यानंतर मुहम्मद अब्दुह यांच्यासारखे सुधारक अभ्यासक्रमावरून जुन्या मंडळींशी उघड वाद घालू लागले. १९०९ मध्ये तर नव्या कायद्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी संप केला. १८८२ पासूनचे हे सारे ड्यूचच्या कारकिर्दीतच घडले. त्याच्या चित्रांत ब्रिटिश शिपाई येत नाही, छापील पुस्तक येत नाही आणि संप तर नाहीच नाही.

इजिप्शियन विद्वानांना युरोपने उभी केलेली ही प्रतिकृती पाहून काय वाटे, याची एक नोंद उपलब्ध आहे. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ‘कैरोची गल्ली’ म्हणून एक रस्ता उभारला होता. जुनाट दिसावा म्हणून भिंती मळवल्या होत्या आणि भाड्याने फिरवायला गाढवे थेट कैरोहून आणली होती. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोमला प्राच्यविद्या परिषद भरणार होती. तिला निघालेले इजिप्तचे प्रतिनिधी वाटेत पॅरिसला थांबले. माजी शिक्षणमंत्री अब्दुल्ला फिक्री आणि त्यांचे पुत्र अमीन फिक्री त्यांत होते. गल्लीतल्या मशिदीच्या दारातून हे लोक आत गेले तर आत कॉफीगृह होते आणि नाच चालला होता. मशीद केवळ दर्शनी भिंतीपुरती होती. अमीन फिक्री यांनी प्रवासवर्णनात नापसंती नोंदवून ठेवली. ही माणसे स्वतः विद्वान होती, विद्वत्परिषदेला निघाली होती आणि त्यांच्या विद्येचे स्थान असलेली वास्तू त्यांना करमणुकीचे नेपथ्य म्हणून पाहावी लागली.

याच परिषदेच्या आधीच्या अधिवेशनाला, १८८६ मध्ये, मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून रामकृष्ण गोपाळ भांडारकर गेले होते, आणि ते भरले होते व्हिएन्नात, म्हणजे ड्यूच आणि अर्न्स्ट यांच्या गावी. पूर्वेकडचा विद्वान सभागृहात उभा राहून निबंध वाचतो आणि चर्चेत भाग घेतो, हे दृश्य त्या शहराला पाहायला मिळाले होते. चित्रांच्या बाजारात मात्र त्याला मागणी नव्हती.

मागणी कशाला होती हे समजून घेतले तर चित्रांतील शांतता कुठून आली ते कळते. ग्राहक पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कचे सुखवस्तू व्यापारी आणि कारखानदार होते. जेरोमचा सासरा अ‍ॅडॉल्फ गूपील हा मोठा चित्रविक्रेता होता, आणि त्याच्या पेढीने अशा चित्रांच्या छापील प्रती घरोघरी पोहोचवल्या. यंत्रांच्या आवाजात पैसा मिळवणाऱ्या या वर्गाला दिवाणखान्यात हातकामाचे, सावकाश आणि यंत्रपूर्व जग हवे होते. युरोपच्या चित्रकलेत अभ्यासिकेत एकाग्र बसलेल्या संत जेरोमचे (हा बायबलचा प्राचीन भाषांतरकार, वर आलेला चित्रकार नव्हे) चित्र काढण्याची जुनी परंपराही होतीच. डोक्यावर फेटा, भिंतीला फरशा आणि हाताशी कवटीऐवजी लांब नळीचा हुक्का एवढा बदल केला की तोच एकाकी, ध्यानमग्न विद्वान कैरोत आणून बसवता येत असे. म्हणून ही चित्रे अपमान करण्याच्या हेतूने काढली आहेत असे मला वाटत नाही. जनानखान्याच्या चित्रांतला लंपटपणा यांत नाही आणि ड्यूचच्या वृद्धांच्या चेहऱ्यांवर खरे गांभीर्य आहे. अडचण अशी आहे की हा आदर वस्तुसंग्रहालयातल्या आदरासारखा आहे. विद्वान जुना, सुंदर आणि संपत आलेला असेल तोवरच तो मिळतो.

केवळ मुक्काम कमी होता म्हणून असे झाले, हे म्हणणेही पुरेसे नाही. ब्रिटिश चित्रकार जॉन फ्रेडरिक लुइस १८४१ ते १८५१ अशी तब्बल दहा वर्षे कैरोत स्थानिक पोशाख करून राहिला. त्याला गल्ल्या, घरे आणि माणसे नीट माहीत होती. तरी कुराणावर भाष्य लिहिणाऱ्या विद्वानाचे त्याचे प्रसिद्ध चित्र १८६९ मधले आहे, म्हणजे इंग्लंडला परतून अठरा वर्षे झाल्यावरचे, आणि त्यातील प्रसंग तुर्कस्तानातील बुर्सा येथील राजघराण्याच्या कबरस्थानात मांडलेला आहे. इतक्या वर्षांनी जुन्या वह्यांतील रेखाटनांवरून काढलेल्या चित्रात भिंती पक्क्या उतरतात, कारण भिंतींचे रेखाटन करता येते. संभाषणाचे करता येत नाही.

या सगळ्यात एक माणूस असा आहे की ज्याच्यामुळे पाश्चात्त्य चित्रकार आणि पौर्वात्य विषय अशी सरळ विभागणी करता येत नाही. उस्मान हम्दी बे यांचा जन्म १८४२ मध्ये इस्तंबूलमध्ये एका अधिकाऱ्याच्या घरात झाला. वडील पुढे ऑटोमन (तुर्की) साम्राज्याचे मुख्य वजीर झाले. १८६० मध्ये मुलाला कायदा शिकायला पॅरिसला पाठवले आणि मुलगा चित्रकलेकडे वळला. जेरोम आणि गुस्ताव बुलांजे यांच्या पद्धतीचा ठसा त्यांच्या चित्रांवर स्पष्ट आहे. परतल्यावर ते १८८१ मध्ये शाही वस्तुसंग्रहालयाचे संचालक झाले. त्यांनी ललित कला विद्यालय उभे केले, पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यास मनाई करणारा १८८४ चा कायदा घडवून आणला आणि १८८७ मध्ये सिदोन (आजच्या लेबनॉनमध्ये) येथे स्वतः उत्खनन करून अलेक्झांडरची म्हणून ओळखली जाणारी शवपेटी इस्तंबूलला आणली. म्हणजे विद्याजीवनाची चित्रे काढणारा हा माणूस स्वतः विद्याजीवनात आकंठ बुडालेला होता.

त्यांच्या ‘अभ्यास करणारा तरुण अमीर’ या चित्राची १८७८ ची प्रत अबू धाबीच्या लूव्हरमध्ये आणि १९०५ ची लिव्हरपूलच्या वॉकर कलादालनात आहे. मागे निळसर फरशांची भिंत, खाली गालिचा, सारा नेहमीचा जामानिमा आहे. पण तरुण चक्क पालथा पडून वाचतो आहे, कोपरे टेकलेली, पुस्तक तोंडासमोर. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कोणत्याही घरात दिसेल अशी ही बैठक आहे, आणि तिच्यामुळे एका क्षणात चित्रातील वाचन खरे वाटू लागते. वाचणाऱ्याला आपण कसे दिसतो याची फिकीर नाही, तो मजकुरात आहे. त्यांच्या १८८० च्या एका चित्रात रहलीवर, म्हणजे घडीच्या लाकडी घोडीवर, कुराण ठेवून एक मुलगी ते वाचते आहे. युरोपीय चित्रांत एरवी गालिच्यावर लोळत असलेली तुर्की स्त्री इथे वाचक आहे. इतर काही चित्रांत मशिदीच्या दाराशी होजा, म्हणजे धर्मपंडित, ग्रंथ हातात घेऊन उभ्याने बोलत आहेत. सरळ पाठ, मोकळे हात आणि चाललेले बोलणे हे सारे ड्यूचच्या चित्रांत सहसा सापडत नाही.

आणखी एक गंमत अशी की या विद्वानांपैकी पुष्कळ जण उस्मान हम्दी स्वतःच आहेत. ते पोशाख घालून छायाचित्र काढून घेत आणि त्यावरून चित्र रंगवत. ती छायाचित्रे टिकली आहेत. पॅरिसमधल्या पगारी माणसाच्या जागी खुद्द संग्रहालयाचा संचालक उभा राहिला की चित्रातील पात्राला आपोआप डोके येते.

तरीही त्यांना साधे बंडखोर ठरवणे मला पटत नाही. स्वतः ते फेज टोपी आणि नाकावर चष्मा लावून वावरत, कचेरी चालवत, युरोपातल्या पंडितांशी फ्रेंचमध्ये पत्रव्यवहार करत. त्यांच्या चित्रांतील विद्वान मात्र जुन्या फेट्यात, पंधराव्या-सोळाव्या शतकातील वास्तूंत, हस्तलिखितांसोबतच आहेत. छापखाना आणि कचेरी त्यांनीही बाहेरच ठेवली. त्यांची चित्रे बरीचशी पॅरिस, बर्लिन, लंडन आणि अमेरिकेतील प्रदर्शनांसाठी होती, आणि तिथे काय खपते हे त्यांना माहीत होते. १९०१ च्या त्यांच्या एका चित्रात मिहराबीपुढे, म्हणजे मशिदीतील मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापुढे, रहलीवर एक स्त्री बसली आहे आणि पायांशी हस्तलिखिते विस्कटून पडली आहेत. त्याचा अर्थ काय यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. परंपरेवर टीका, स्त्रीत्वाचा गौरव की युरोपीय प्रेक्षकाला दिलेला धक्का, असे तिन्ही अर्थ मांडले गेले आहेत.

या साऱ्या चित्रप्रकाराकडे संशयाने पाहण्याची सुरुवात साहित्यसमीक्षक एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या ‘ओरिएंटॅलिझम’ (प्राच्यवाद) या ग्रंथाने झाली. त्याच्या मुखपृष्ठावर जेरोमचा गारुडीच होता, जरी आत चित्रकलेविषयी फारसे काही नाही. चित्रांची बारकाईने उलटतपासणी केली ती कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी १९८३ मध्ये. चित्रात काय नाही ते पाहा, असे त्यांचे सांगणे होते: युरोपीय माणूस नाही, इतिहास नाही, काम नाही आणि चित्रकाराच्या हाताची खूणही नाही. विद्वानांच्या चित्रांना ही कसोटी लावली तर यादीत मतभेद आणि छापील अक्षर यांची भर पडते.

गेल्या काही दशकांत मात्र या चित्रांचे मोठे ग्राहक तुर्कस्तान, आखाती देश आणि मलेशिया येथून आले आहेत. उस्मान हम्दींची कुराण वाचणारी मुलगी २०१९ मध्ये लंडनच्या लिलावात ६० लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियममध्ये प्राच्यवादी चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा पुष्कळशी चित्रे क्वालालंपूरच्या इस्लामी कला संग्रहालयाने पाठवली होती. जनानखान्याच्या चित्रांपेक्षा मशीद, नमाज, बाजार आणि विद्वान यांच्या चित्रांकडे या ग्राहकांचा ओढा अधिक दिसतो. त्यांचीही बाजू समजण्यासारखी आहे. कैरो आणि इस्तंबूलमधील कित्येक जुन्या घरांचे लाकडी गवाक्ष, कोरीव छत आणि दगडी जमिनी पुढे पाडल्या गेल्या किंवा परदेशी विकल्या गेल्या, आणि त्या रंगीत रूपात कशा दिसत हे आज ज्या थोड्या साधनांवरून कळते त्यांत ही चित्रे येतात. जाळीतून उतरणारा प्रकाश ड्यूचने अगदी बरोबर टिपला आहे, त्याबद्दल वाद नाही. खांबाशी बसलेला शेख कोणत्या मुद्द्यावर अडला होता, हे हवे असेल तर ते त्या काळच्या अरबी आत्मचरित्रांत, फतव्यांत आणि बुलाकच्या छापील पुस्तकांच्या समासांत शोधावे लागते.